डॉक्टर निमकरांचे चार रकाने

डॉक्टर निमकर गेल्याचं मला त्यांच्या पुतणीकडून कळलं. ती परवा चिंचवडला माझ्या औषधाच्या दुकानात आली. काकांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढायचं आहे, म्हणाली. "पिंपरीच्या दवाखान्यात तुम्ही त्यांच्या हाताखाली चार वर्षं होतात. दोन पानं द्या." मी होकार दिला आणि रात्रीतून दोन पानं लिहूनही काढली. शिस्तीचे भोक्ते, बोलायला कडक पण मनाने मऊ, गरिबांचे डॉक्टर, असं सगळं. सकाळी वाचलं आणि फाडून टाकलं. निमकर मनाने मऊ नव्हते. मला तो माणूस कधी आवडला नाही आणि ते गेल्यावरही आवडत नाही. पण मी त्यांचं जे केलं ते आवडीनिवडीच्या पलीकडचं आहे. ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता लिहितो. पुतणीने छापावं की नाही ते तिचं तिने ठरवावं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत तेव्हा कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. कॅम्पात निर्वासितांची दुकानं नुकती लागली होती आणि हमरस्त्याच्या कडेला एका ट्रस्टचा पत्र्याचा दवाखाना होता. मी तिथे कंपाउंडर. देवरुखकडचा, अठ्ठावीस वर्षांचा, एक लेकरू पदरात. निमकर पन्नाशीचे. आधी कुठल्याशा मेडिकल स्कूलमध्ये विकृतिशास्त्र शिकवत. तिथून जिभेमुळे बाहेर पडले, असं ऐकून होतो. पहिल्या दिवशीच पटलं.

पहिल्या दिवशी मी रजिस्टरमध्ये एका हमालाच्या नावापुढे 'आजार : ताप' असं लिहिलं. निमकरांनी ते वाचलं, पान टर्रकन फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

"ताप हा आजार असेल, तर घाम म्हणजे उन्हाळा. काय, कंपाउंडरसाहेब?"

मी फाटकं पान हातात धरून उभा.

"ताप कशाचा? हिवतापाचा? टायफॉइडचा? की तुमच्या अक्षराचा?"

रांगेतली माणसं हसली. मला ते 'कंपाउंडरसाहेब' चार वर्षं सोडणार नव्हते. त्यांनी मला अरेतुरे कधी केलं नाही. केलं असतं तर बरं वाटलं असतं, इतका त्या 'अहो'मध्ये विखार असे.

माणूस बुटका, मानेचा पत्ताच नाही, आवाज बारीक. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सकाळी अकराला फुटाणे आणि गूळ उभ्यानेच खायचे, भिंतीकडे तोंड करून, आणि कुणाला 'घ्या' म्हणायचे नाहीत. टेबलावर निळी-तांबडी पेन्सिल. आमचं चुकलं की तांबडं टोक. निळ्या टोकाला चार वर्षांत धार करावी लागली नाही.

रजिस्टरची रेघ त्यांनी स्वतः आखली होती. नावापुढे चार रकाने. 'सांगतो', 'दिसतं', 'कशामुळे' आणि 'पुढं काय'. पहिला रकाना मी भरायचा, बाहेरच्या टेबलावर, रोगी येईल तसा. बाकीचे तीन ते भरत. आणि एक कायदा होता : तोंडी काही चालणार नाही. मी काही बोलायला आत गेलो की मान वर न करता म्हणायचे, "लिहून आणा." जखमा बांधणारा ड्रेसर गेला तरी तेच. ट्रस्टचे सेक्रेटरी एकदा स्वतःचं पोट दुखतंय म्हणून आत शिरले, त्यांनाही तेच.

शनिवारी दुपारी रोगी ओसरले की ते मला आणि ड्रेसरला समोर बसवून शब्द शिकवत. शिकवत म्हणजे बदडत. पण एक मान्य करतो, ते मी विसरलो नाही. दवाखान्याच्या मागे कारखान्याची एक नवी भिंत एका पावसाळ्यातच तडकली होती. त्या भिंतीपाशी उभं केलं आम्हाला.

"हे काय?"

"तडा," ड्रेसर म्हणाला.

"ही विकृती. जिथे बिघडलं आहे ती जागा. भिंतीनं तक्रार केली?"

"नाही."

"म्हणजे लक्षण नाही. लक्षण रोगी सांगतो. तडा मला दिसतो, हे चिन्ह. दोन्हींची गल्लत करणारा माणूस डॉक्टर नव्हे, न्हावी. आता, कशामुळे?"

"पावसामुळे," मी म्हणालो.

"पाऊस शेजारच्या भिंतीवर पडला नाही वाटतं? पाया उथळ खणला, हे कारण. मग पाणी मुरलं, माती खचली, भिंत एका अंगाला बसली, तडा गेला. हा रोगाचा प्रवास. कारण वेगळं, प्रवास वेगळा. आणि ही पडणार की राहणार?"

"सांगता येत नाही."

"ते शेवटच्या रकान्यात लिहायचं. 'सांगता येत नाही' हेसुद्धा उत्तर आहे. कारण सापडलं नाही तर 'अज्ञात' लिहायचं. 'हवा बदलली', 'बाहेरचं खाल्लं' असली थापेबाजी नको. कळलं? नसेल कळलं. चला."

असं शिकवणं. चांगलं होतं, पण शेवटी ते 'नसेल कळलं' आलंच पाहिजे.

रोग्यांनाही ते तसेच वागवत. एक कारकून म्हणाला, "डॉक्टर, मला कावीळ झालीय." निमकर उठले, खुर्ची पुढे केली. "या, बसा इथे. निदान तुम्ही केलंत, आता औषधही लिहा. मी बाकावर बसतो." कारकून शरमून पिवळ्याचा लाल झाला. फक्त एकदा त्यांना सव्वाशेर भेटली. कॅम्पाच्या मागच्या झोपड्यांतली एक म्हातारी. मी पहिल्या रकान्यात तिचं 'कसनुसं होतं' असं लिहिलं होतं.

"कसनुसं म्हणजे कसं, बाई?" निमकर.

"कसनुसं म्हंजे कसनुसं."

"मळमळतं? गरगरतं? छातीत धडधडतं?"

"न्हाई ओ. तुमाला व्हईल तवा कळंल."

रांग खदखदून हसली. मला वाटलं आता पान फाटणार. निमकरांनी ते तसंच ठेवलं. "पहिला रकाना तिचा आहे. तिचाच शब्द राहील. त्यात तुमचं संस्कृत घालू नका," एवढंच मला म्हणाले. त्यांच्याबद्दल बरं म्हणावं असं मला आठवतं ते एवढंच, म्हणून नोंदवतो.

पण त्या शब्दाला मान देणाऱ्या माणसानेच पुढच्या महिन्यात मला उभं जाळलं. खोकल्यासाठी आलेला एक म्हातारा बोलका निघाला. खोकला, त्याआधीचा गुडघा, तरुणपणी चावलेला विंचू, कान फुटला होता ते, सगळं सांगत बसला. त्याचाच शब्द ठेवायचा म्हणून मी सगळं लिहिलं. अकरा ओळी झाल्या. निमकर रजिस्टर घेऊन दारात आले आणि भरल्या रांगेसमोर ती मोठ्याने, नाटकातल्यासारखी वाचू लागले. विंचवापाशी थांबून म्हणाले, "मंडळी, आमच्या कंपाउंडरसाहेबांनी कादंबरी लिहायला घेतली आहे. पुढचं प्रकरण उद्या." मग माझ्याकडे वळून, दात दाबून : "आज तो ज्यासाठी आलाय तेवढंच. त्याबाहेरचा एक शब्द दिसला तर रजिस्टर तुमच्या हातून काढून घेईन आणि कापसाचे बोळे वळायला बसवीन."

त्या रांगेत कॅम्पातला एक किराणावाला होता. पुढे महिनाभर मी दुकानात गेलो की तो विचारी, "क्या कंपाउंडर, आज कितने पन्ने?" साखर बांधता बांधता हसायचा. मीही हसायचो.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. तरी सबब वाटणारच, म्हणून तेही कबूल करतो.

कोंडिबा आला तो या प्रकरणानंतर तीन आठवड्यांनी. कुरुळीचा गवंडी, कारखान्याच्या बांधकामावर होता. बायको सोनाबाई त्याच्याच हाताखाली माल उचलायची. दोघं तिथेच झोपडी टाकून राहत. कोंडिबाच्या तळहाताला खिळा लागून हात मनगटापर्यंत सुजला होता, पू धरला होता. मी टेबलावर पहिला रकाना भरायला घेतला. 'हात ठणकतो, रात्रभर झोप नाही.' तेवढ्यात तो म्हणाला,

"एक सांगायचं हाय, भाऊ. दोन म्हैन्यामागं चाकणला सुई टोचली व्हती. तवा अंगभर गांधी उठल्या."

सोनाबाई पुढे सरकली. "व्हटबी हे एवढं सुजलं व्हतं. दम कोंडला व्हता ह्यांचा. डाक्टरास्नी सांगा बरं का."

"सुई कशाची होती?" मी विचारलं.

"ती नवी न्हाई का, पांढऱ्या दुधावानी," कोंडिबा म्हणाला.

पेनिसिलिनच. मला कळलं. इथे मला खोटं बोलायचं नाही : मला तेव्हाच कळलं होतं. मी टाक रकान्यावर धरला आणि विचार करू लागलो, हे कुठे लिहायचं? आजच्या हाताचं हे लक्षण नाही. आज तो ज्यासाठी आलाय त्याबाहेरचं आहे. दोन महिन्यांपूर्वीचं आहे, चाकणचं आहे. विंचवासारखंच. मला ती रांग दिसली, ते नाटकी वाचन ऐकू आलं. आत जाऊन सांगावं, तर 'लिहून आणा' ठरलेलं. मी टाक उचलला आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

निमकर सुई हातात घेण्याआधी रजिस्टर वाचत, न चुकता. त्यांनी वाचलं. रकान्यात हात होता, ठणका होता, बाकी कोरं. कोंडिबाने आत स्वतः का सांगितलं नाही? एक तर मला सांगून झालं होतं. आणि निमकरांपुढे न विचारता तोंड उघडायची छाती त्या रांगेत कुणाचीच नव्हती. सोनाबाई दाराबाहेर उभी होती.

पेनिसिलिनची सुई दिल्यावर तो उठून सदरा घालत होता. एक हात बाहीत होता. "डाक्टर, कसं तरी व्हतंय," म्हणाला आणि खाली बसला. ओठ फुगले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. निमकरांनी ॲड्रिनलिन भरलं, एकदा दिलं, पुन्हा दिलं, त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसून हातांनी छाती दाबत श्वास चालवला. पाव तासात सगळं संपलं. मी दारात उभा होतो. मदतीला म्हणून माझा पाय उचलला गेला नाही.

दुपारी पाण्याच्या टाकीपाशी सोनाबाईने मला गाठलं. बरोबर तिचा भाऊ शिरपती आणि बांधकामावरचे आठ-दहा गवंडी. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तुमाला सांगितलं व्हतं की ओ आमी."

मी म्हणालो, "मी सांगितलं डॉक्टरांना. त्यांनी ऐकलं नाही."

इतकी वर्षं या वाक्याभोवती फिरतो आहे. ते घाबरून तोंडातून निसटलं असं मी स्वतःला सांगत आलो. निसटलं नाही. शिरपतीच्या हातात थापी होती आणि मला माझा जीव आणि माझी नोकरी दिसत होती, हे खरं. पण त्याखाली आणखी एक होतं. म्हणताना मला बरं वाटलं. अकरा ओळींचं उट्टं निघाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळपर्यंत पत्र्यावर दगड पडले. निमकर आतून बाहेर आले नाहीत. सेक्रेटरी मागच्या दाराने आले आणि समजुतीने म्हणाले, "निमकर, रजिस्टरात 'हृदयक्रिया बंद पडून' लिहा. विषय मिटेल."

"मेलेल्या प्रत्येक माणसाची हृदयक्रिया बंदच पडते," निमकर म्हणाले. "ते कारण नाही, ती बातमी आहे." आणि 'कशामुळे'च्या रकान्यात त्यांनी माझ्यासमोर लिहिलं : 'पेनिसिलिन. देणारा : मी.' आपली सही केली. मग बराच वेळ पहिला रकाना वाचत बसले. माझं अक्षर. त्यांनी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रस्टने व्हरांड्यात चौकशी ठेवली. दोन ट्रस्टी, सेक्रेटरी, समोर जमिनीवर सोनाबाई, तिच्या मागे शिरपती आणि गवंडी. निमकरांना बसायला खुर्ची दिली होती, ते उभेच राहिले. शिरपती म्हणाला, "ह्या कंपाउंडरनं डाक्टरला सांगितलं व्हतं. डाक्टरनं कान दिला न्हाई. मानूस मारला आमचा."

निमकर माझ्याकडे वळले.

"शिंत्रे, तुम्ही मला सांगितलं होतं?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

"हो."

"केव्हा?"

"तुम्ही सिरिंज उकळायला ठेवत होता तेव्हा."

"मी काय म्हणालो?"

मला विचारही करावा लागला नाही. "म्हणालात, लिहून आणा."

मला वाटलं आता हा माणूस उसळेल. माझी साल काढेल. तेवढी अक्कल आणि तेवढी जीभ त्यांच्याकडे होती. रजिस्टर मागवून एक प्रश्न विचारला असता, मग लिहून का आणलं नाहीत, तर मी तिथेच कोसळलो असतो. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, परत घातला. आठवण्याचा प्रयत्न करत होते. खरोखर करत होते, ते मला दिसत होतं. दोन दिवसांपूर्वीची ती सकाळ ते पुन्हा चाचपत होते आणि त्यात मी सापडत नव्हतो.

"हे मी म्हणालो असेन," ते म्हणाले. "मी तसंच म्हणतो. ते येऊन बोलले असतील आणि माझ्या कानावर पडलं नसेल. लिहून घ्या. रोग्याने सांगितलं होतं, कंपाउंडरने सांगितलं होतं, डॉक्टरने ऐकलं नाही."

मग ते सोनाबाईसमोर गेले. वाकले. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द होता, तो तिथे तोंड उघडून मिटत राहिला. सोनाबाईने तोंड फिरवलं. शिरपती त्यांच्या पायाशी थुंकला. मी ते पाहिलं आणि जागचा हललो नाही.

आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. जागेवर नवा डॉक्टर आला, हसतमुख, तोंडी सगळं ऐकणारा. रजिस्टर छापील आलं, एकाच रकान्याचं. माझा पगार पुढे वाढलाही. सोनाबाई कुरुळीला परत गेली. तिथल्या शेतांत आता कारखान्यांची मोजणी चालू आहे, तिचा मुलगा त्यांतच कुठे तरी लागला, असं ऐकतो. हे छापलं तरी तिला वाचता येणार नाही. मीच जाऊन वाचून दाखवायला हवं. कुरुळी इथून बसने तासाभराची आहे. अजून गेलेलो नाही.

निमकरांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. दीडेक वर्षांनी दापोडीला एका नातलगाकडे गेलो होतो. रेल्वेच्या कडेच्या आळीत एका खोलीवर त्यांच्या नावाची पाटी दिसली. पुढे गेलो असतो तर चाललं असतं. मी खिडकीशी थांबलो. आत एक कामगाराची बायको मांडीवर पोर घेऊन बसली होती. निमकर खुर्ची सोडून तिच्यासमोर स्टुलावर बसले होते, इतके पुढे वाकून की त्यांचा कान तिच्या तोंडाशी आला होता. कानामागे पंजा धरलेला.

"पुन्हा सांगा, बाई. माझे कान गेलेत."

ती ओरडून म्हणाली, "दूध टिकत न्हाई त्याला!"

"दूध टिकत नाही. बरं. आणि आधी कधी काही झालं होतं? कुठे सुई दिली होती? अंगावर काही उठलं होतं? आठवा. काही का असेना, सांगा. मी लिहितो सगळं."

ते लिहीत होते, आणि प्रत्येक शब्द तिला मोठ्याने परत म्हणून दाखवत होते, बरोबर आहे ना म्हणून विचारत होते. ती पदराआड हसत होती. दारात बसलेल्या दुसऱ्या बाईने मला सांगितलं, "बहिरा हाय म्हातारा. एकेकाला अर्धा अर्धा तास लावतोय. पन चांगला हाय."

मागून मालगाडी आली. डबे खडखडत निघाले, माझा मलाच श्वास ऐकू येईना. मी निघायचं म्हणून एक पाऊल मागे घेतलं. वहाणेखाली खडी वाजली असेल, एवढीच; ती मलाही ऐकू आली नाही. निमकरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि थेट खिडकीकडे वळले.

"कोण उभं आहे तिकडे?" त्यांनी ओरडून विचारलं. "काही सांगायचं आहे का?"

मी भिंतीच्या कडेने पुढे निघालो. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, तेही मला ऐकू आलं.